थेट पाईपलाईनचे कागद मागायचे तर खर्च किती?

कोल्हापूरच्या थेट पाईपलाईनने दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचे पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचले ते नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत. काम सुरू झाले होते 2014 साली. लांबी सुमारे 53 किलोमीटर, खर्च पाचशे कोटींच्या आसपास. मधल्या नऊ वर्षांत कधी वन विभागाची परवानगी अडली, कधी पाटबंधारे किंवा बांधकाम खात्याची. सोळांकूरच्या ग्रामस्थांनी गावातून जाणाऱ्या पाईपला विरोध केला. तिकडे दूधगंगेतून इचलकरंजीला पिण्याचे पाणी नेणारी सुळकूड योजना नदीकाठच्या गावांच्या विरोधात अडकली. दोन्ही ठिकाणी लोकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पर्यावरणाची जनसुनावणी कधी झाली?

पिण्याच्या पाण्याच्या पाईपलाईनला अशी सुनावणी कायद्याने बंधनकारक नाही. पर्यावरण मंजुरीबाबतच्या केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेला जोडलेल्या यादीत वीज व सिंचनाची मोठी धरणे, खाणी, कारखाने, महामार्ग आहेत. धरणातून शहराकडे पिण्याचे पाणी नेणारी नळवाहिनी नाही. ही त्रुटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नदीतून रोज कोट्यवधी लिटर पाणी उचलायचे आणि काठच्या माणसाला एकदाही विचारायचे नाही, हे बरोबर नाही. पण सुनावणी नाही म्हणजे तपासणीच नाही, असे नव्हे. ती वनजमिनीच्या, अभयारण्याच्या आणि पाणी आरक्षणाच्या फायलींमध्ये विखुरलेली असते. या फायली उघडायला फार पैसे लागत नाहीत. वेळ मात्र पाळावी लागते.

सुरुवात फुकटातून करा. वनजमीन आणि वन्यजीव परवानग्यांचे प्रस्ताव केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर चढवले जातात. राज्य आणि प्रकल्पाचे नाव टाकले की अर्ज, नकाशे, पाहणी अहवाल, बैठकांची इतिवृत्ते सापडू शकतात. नकाशाची फाईल मोबाईलवरच्या उपग्रह नकाशात उघडली की रेषा कोणत्या ओढ्यावरून, कोणत्या बांधावरून जाते ते दिसते. आपल्या गटाशी ती ताडून पाहायला डिजिटल सहीचा सातबारा काढा. त्याला 15 रुपये पडतात. पाईप शेतातून जाणार असेल, तर खोदाईआधी उभ्या पिकाचे, झाडांचे आणि विहिरीचे फोटो काढून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी आंबा किती वर्षांचा होता यावर वाद होतो, आणि तेव्हा झाड जागेवर नसते.

पोर्टलवर जे नाही, ते माहिती अधिकारात मागायचे. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही माफ. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून वन विभागाचा वेगळा, पाटबंधारेचा वेगळा, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचा वेगळा करा. तीन अर्ज, 30 रुपये. ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की उत्तरही तसेच मोघम येते. वन विभागाला लिहा: ‘या योजनेसाठी वनजमीन वळती करण्याचा प्रस्ताव, तत्त्वतः व अंतिम मंजुरीची पत्रे, त्यांतील अटी आणि अटींच्या पूर्ततेचे अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात.’ यातला शेवटचा कागद सगळ्यांत मोलाचा. झाडे लावण्याची अट असते. ती कुठे लावली आणि किती जगली, ते त्यातच कळते.

पाटबंधारे विभागाकडे पाण्याचा हिशेब मागा. काळम्मावाडी धरणाची क्षमता सुमारे 25 टीएमसी आणि प्रकल्प महाराष्ट्र व कर्नाटक यांचा संयुक्त. शेतीला किती, कर्नाटकाला किती, कोल्हापूर शहराला किती, आणि नदीत वाहते किती सोडायचे, याचा मंजूर तक्ता मागावा. धरणाच्या गळतीमुळे साठा कमी ठेवावा लागला असेल, तर त्या वर्षांची आकडेवारीही मागावी. सुळकूडच्या वादातला खरा मुद्दा हाच आहे, आणि तो भाषणांत सुटणार नाही, तक्त्यावर सुटेल. इचलकरंजीच्या बाजूनेही हे तितकेच गरजेचे आहे. 2012 मध्ये काविळीच्या साथीने त्या शहरात बळी घेतले. पंचगंगेचे दूषित पाणी प्यायला लावणे हा पर्याय होऊ शकत नाही.

प्रतींना पानामागे 2 रुपये. दोनशे पानांची फाईल म्हणजे 400 रुपये. ते वाचवायचे तर आधी फाईल पाहण्याची मागणी करा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. हवी ती पाने निवडा, तेवढ्यांचेच पैसे भरा. 30 दिवसांत माहिती दिली नाही, तर पुढे ती विनामूल्य द्यावी लागते. पहिल्या अपिलाला 20 रुपये, दुसऱ्याला 20. म्हणजे राज्य माहिती आयोगापर्यंत गेलात तरी एका अर्जाची सरकारी फी 50 रुपयेच होते. आयोगाकडे वाट मात्र बरीच पाहावी लागते.

योजनेचा खर्च का फुगतो, तेही याच कागदांत सापडते. वनजमीन घेणाऱ्या यंत्रणेला जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. 2022 च्या दरांनी वरच्या वर्गातल्या अतिदाट जंगलासाठी ते हेक्टरी सुमारे 16 लाख आहे. जमीन अभयारण्यातली असेल तर पाचपट. पर्यायी वृक्षलागवड निराळी. राधानगरी अभयारण्याच्या शेजारून रेषा आखताना चार हेक्टर इकडे-तिकडे झाले, तर किती कोटी हलतात याचा हिशेब करून पाहा. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 नुसार अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवान्याशिवाय वळवता, थांबवता किंवा वाढवता येत नाही. हा पैसा शेवटी करदात्याचाच, म्हणून मार्ग कसा ठरला हे विचारणे शहरातल्या नळधारकाचेही काम आहे.

नवे मोठे सिंचन धरण किंवा 2006 च्या अधिसूचनेच्या यादीतला दुसरा प्रकल्प असेल, तर जनसुनावणी होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, 30 दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत फुकट वाचायला मिळतो. बोलायला किंवा लेखी हरकत द्यायला एक पैसा लागत नाही. हरकतीची पोच मात्र शिक्क्यासह घ्या, आणि शेवटी इतिवृत्त मराठीत समजावून सांगेपर्यंत उठू नका. आपला मुद्दा त्यात आला नसेल, तर तिथेच सांगता येते.

दाद मागायची वेळ आली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर फी 1,000 रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, पण किमान 1,000. वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. वकील लावलात तर फी आधी लेखी ठरवा, कारण खरा खर्च तिथेच होतो. गावाने वर्गणी काढली असेल तर तिची पावतीबुके ठेवा. वन्यजीव कायदा या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही; त्यासाठी उच्च न्यायालय. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागल्याने त्या कामासाठीची मुंबईची खेप आणि तिथला मुक्काम वाचला आहे.

मुदतीकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. पर्यावरण किंवा वनमंजुरीविरुद्ध न्यायाधिकरणात अपील 30 दिवसांत करायचे असते. सबळ कारण दाखवले तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पवाल्यांना सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत तशी जाहिरात द्यावी लागते, त्यातले एक मराठी. ती दिसली की ते अख्खे पान तारखेसह काढून ठेवा; अपिलाची मुदत मोजताना तेच पुढे करावे लागते.