खाणीचं पाणी की शहराचं?

प्रश्न : चढणीचे मासे हल्ली कमी दिसतात. दोष आमच्या मँगनीज खाणीचा की नागपूरच्या सांडपाण्याचा?
– एक वाचक, चिखला (ता. तुमसर)

उत्तर : मँगनीज प्रमाणाबाहेर गेलं तर माशांना घातकच, पण हार्मोन बिघडवणारी द्रव्यं येतात ती मुख्यतः सांडपाण्यातून. डिटर्जंटांपासून उरणारं नोनिलफेनॉल, गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन. नाग नदीचं पाणी कन्हानमार्गे अंभोऱ्याला वैनगंगेत पडतं, म्हणजे तुमच्या बरंच खाली, आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं.

कॅनडात न्यू ब्रन्सविकच्या जंगलांवर १९७५ ते १९८५ या काळात फवारलेल्या एका कीटकनाशकात नोनिलफेनॉल होतं. फवारणीच्या वेळी समुद्राकडे निघालेली सामनची पिल्लं पुढे कमी परतली, असं आकडेवारीत दिसलं. खाऱ्या पाण्यात शिरण्याआधी कल्ल्यांना मीठ बाहेर टाकायची तयारी करावी लागते. ती हार्मोनच्या इशाऱ्यावर होते आणि नेमकी तीच फसते. नदीत पिल्लू धडधाकट दिसतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

आपले रोहू-मृगळ समुद्रात जात नाहीत. त्यांना धोका अंडी-शुक्राणू पक्व होण्यात. तरी माझा पहिला संशय धरणाच्या भिंतीवर. चढणीचा मासा तिथेच अडतो.