पोवळे : दगड, झाड की प्राणी?



पोवळे म्हटले की आजीच्या गळ्यातला लाल मणी आठवतो. तो मणी म्हणजे एका समुद्री प्राण्याचा सांगाडा, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्या यवतमाळ जिल्ह्यापासून समुद्र फार लांब. म्हणून मालवणला मी जे पाहिले, ते तुमच्यासाठी लिहितो.

मालवणच्या किनाऱ्यासमोर शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याच्या आसपास पाणी उथळ, तळाला वाळू आणि मधेमधे खडक. तिथल्या पाणबुड्याने माझ्या डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवला, तोंडात श्वासाची नळी दिली. मी तरंगत खाली पाहू लागलो. आधी नुसती वाळूच दिसली. डोळे सरावले, तशी वाळू हलू लागली! रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला एक खेकडा शंखासकट चालला होता. खडकाला एक फूल चिकटले होते. पण ते फूल नव्हे, प्राणी. त्याला समुद्रफूल म्हणतात. ते पाकळ्यांसारख्या हातांनी बारीक जीव पकडते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे खडकाभोवती फिरत होते. आणि खडकांवर होती तपकिरी, हिरवट पोवळी.

पोवळ्यात हजारो इवले प्राणी एकत्र राहतात. कोणता तिळाहून लहान, कोणता सरकीएवढा. पाण्यातला चुना घेऊन ते स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि पोवळ्याला वाटा देते. म्हणून ही पोवळी उजेड पोचेल अशा उथळ पाण्यात वाढतात.

पाणी फार तापले की पोवळे हे शेवाळ बाहेर टाकते आणि पांढरे पडते. असे बरेच दिवस राहिले तर ते मरते. गोल पोवळे वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढते. म्हणजे दहा वर्षांत वीतभरसुद्धा नाही! होडीचा नांगर किंवा माणसाचा पाय पडला, तर ती वाढ क्षणात मोडते. म्हणून पाणबुड्या सारखा बजावत होता, "बघा, पण हात लावू नका." १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य झाला. समुद्रातली पोवळी तोडून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे.

आता आपल्याकडची गंमत ऐका. वणी भागातला चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला. त्या काळी पोवळी जन्मलीही नव्हती. म्हणजे एके काळी समुद्र आपल्याच जिल्ह्यात होता!

करून पाहा : चुनखडकाच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येतात.

सांगा पाहू :
१) अंगात शेवाळ असलेले पोवळे खोल अंधारात का वाढत नाही?
२) पांढरे पडलेले पोवळे उपाशी का राहते?

उत्तरे वहीत लिहून वर्गात दाखवा.