खुर्चीचं वय आणि आपला व्हर्नियर

फर्स्ट इयरला कार्पेंटरी शॉपमध्ये टी-लॅप जॉइंट घासताना 'हे सगळं कशाला?' असं प्रत्येकानं एकदा तरी विचारलेलं असतं. हा लेख खास त्या मंडळींसाठी! विषय जरा लांबचा आहे, सतराव्या शतकातलं अमेरिकन फर्निचर.

१६२० पासून इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला येऊन वसलेल्या लोकांना ओकची जंगलंच्या जंगलं मिळाली. त्यांचे सुतार ओकच्या फळ्या सहसा करवतीनं कापत नसत. ओंडका ओला असतानाच पाचरी ठोकून फोडत. फोडलेली फळी धाग्यांच्या रेषेतच सुटते, म्हणून मजबूत राहते आणि वाकतेही कमी. ओला ओक मऊ, त्यामुळे कोरीवकामही तेव्हाच उरकायचं. इप्सविच गावचा थॉमस डेनिस यातला नावाजलेला कारागीर. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पेट्यांवरची पानंफुलं बघून डोकं गरगरतं. पण नीट बघितलं तर कंपासनं आखलेली वर्तुळं आणि मोजक्या गोल पटाश्या! पटाशीचा एक ठोका म्हणजे एक पाकळी. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं.

असं फर्निचर आज प्रचंड महाग, म्हणून नकलाही होतात. नक्षी तर चांगल्या हाताला जमतेच. मग खरं-खोटं कसं ओळखायचं? इथे आपला व्हर्नियर कामाला येतो. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं ते, ढोबळमानानं, केंद्राकडच्या दिशेपेक्षा दुप्पट आकसतं. त्यामुळे ओला असताना लेथवर गोल केलेला पाय पुढे लंबगोल होतो. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. सगळीकडे अगदी सारखा आला तर शंका घ्या. उलट मात्र धरू नका, कारण नक्कल करणाराही ओलं लाकूड वापरू शकतो.

आर्मांड लामॉन्टेन हा ऱ्होड आयलंडचा शिल्पकार. तज्ज्ञांची जिरवायची म्हणून त्यानं १९६९ मध्ये 'ब्रूस्टर' पद्धतीची खुर्ची बनवली. या खुर्चीत पानंफुलं नसतात, लेथवर कातलेल्या दांड्यांची नुसती गर्दी असते. खुर्ची हात बदलत गेली आणि शेवटी हेन्री फोर्ड म्युझियमनं ती ९,००० डॉलरना विकत घेतली! १९७७ मध्ये भांडं फुटलं. एक्स-रे काढला, तर दांड्या बसवलेली भोकं आधुनिक ड्रिलची निघाली. जुन्या, चमच्याच्या आकाराच्या गिरमिटानं पाडलेल्या भोकाचा तळ गोलसर असतो, नव्या ड्रिलच्या टोकाची खूण वेगळी दिसते. गंमत म्हणजे ते ड्रिल त्यानं मुद्दामच वापरलं होतं, खुर्ची आपण केली हे वेळ आली की सिद्ध करता यावं म्हणून!

काहीजण त्याला ठग म्हणतील. मला तसं वाटत नाही. तेच लाकूड, तसंच हातकाम, आणि माणूस जिवंत निघाला म्हणून किंमत उतरते, हे मला अजून पटलेलं नाही. म्युझियमनं मात्र ती खुर्ची अडगळीत टाकली नाही. नकली वस्तू कशी ओळखावी हे शिकवायला ती वापरली जाते.