मिक्सर जागेवर ठेवा

दुसऱ्याची विष्ठा आतड्यात सोडून रोग बरा करतात, हे ऐकल्यावर भिलाईतल्या आमच्या घरात सगळ्यांनीच नाक मुरडलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा मी जुलाबांनीच मरते!"

दाढ सुजली म्हणून त्यांना क्लिंडामायसिन दिलं होतं. सूज उतरली, पण पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. औषधवाल्याने जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या दिल्या, आणि घोळ होतो तो इथेच. अँटिबायोटिकने पोटातले उपकारी जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजतो. त्याचं विष आत कोंडून राहिलं तर मोठं आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. या विषाची तपासणी वेगळी सांगून करावी लागते. उपचार व्हॅन्कोमायसिनचा, तोही पोटातून. शिरेतून दिलेलं आतड्यात पुरेसं उतरत नाही. इंजेक्शनची कुपी पाण्यात कालवून पाजली, तेव्हा सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

औषध संपलं आणि दुखणं उलटलं. मग नागपूरच्या डॉक्टरांनी विष्ठेच्या रोपणाचं सुचवलं. हे काही कालचं खूळ नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉ. बेन आयझमन यांनी १९५८ मध्येच चार रुग्णांवरचा अनुभव छापला होता. २०१३ च्या डच चाचणीत उलटलेल्या दुखण्याचे १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच रोपणात बरे झाले. नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४.

भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. "मामी, नागपूर कशाला? घरात मिक्सर आहे, एनिमाचं भांडं आहे. आजीसाठी मी देतो की." पोराची माया खरी, पण डॉक्टरांनी त्यालाच बाद केलं, कारण त्याने नुकतंच सर्दीसाठी अँटिबायोटिक घेतलं होतं. दात्याचं रक्त कावीळ आणि एचआयव्हीसाठी तपासतात. विष्ठेत कृमी आणि औषधांना दाद न देणारे जंतू शोधतात. २०१९ मध्ये अमेरिकेत ही शेवटची तपासणी न झालेल्या विष्ठेतून दोन रुग्णांना असाच ई. कोलाय लागला, त्यातला एक दगावला. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही असा जंतू असू शकतो. आम्हाला दुसरा दाता मिळाला, दुर्बिणीतून रोपण झालं, सासूबाई सावरल्या.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहावरही याच रोपणाने लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात डॉ. अजित सूद यांनी आशा वाटावी असं काम केलं आहे. पण लठ्ठपणा किंवा ऑटिझमवर खात्रीचा इलाज म्हणून कुणी हे विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

अँटिबायोटिकनंतर जुलाब थांबेनात, तर डॉक्टरांना सी. डिफिसिलबद्दल स्वतःहून विचारा. आणि रोग्याची सेवा करताना हात साबण-पाण्यानेच धुवा. या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत.