घोरणे : गाढ झोप की धोक्याची सूचना?

मोठ्याने घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, हा समज सर्वस्वी खरा नव्हे. ‘स्लीप ॲप्निया’ या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो. १० सेकंद वा अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू झोप मोडून श्वास पुन्हा सुरू करतो. रुग्णाला हे बहुधा उमगत नाही. म्हणून घरच्यांनीच लक्ष ठेवावे. घोरता घोरता एकाएकी शांतता, मग गुदमरून दचकणे, सकाळी डोकेदुखी आणि दिवसा डुलक्या ही प्रमुख लक्षणे होत.

उपेक्षेने रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. वाहनचालकाची डुलकी तर इतरांच्याही जिवावर बेतते. निद्राचाचणीने निदान होते. वजन घटविणे, मद्य टाळणे आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी मांडलेला, हवेच्या दाबाने श्वासमार्ग खुला ठेवणारा उपचार गुणकारी ठरतो. वेळीच वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे.