स्वयंपाकघरातला वजनकाटा

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी माझी ग्रंथी मुळासकट काढली, त्याला आता सहा वर्षं होतील. कॅन्सर गेला, पण लघवीवरचा ताबाही गेला. शिंकलो की गळती, खुर्चीतून उठलो की गळती. आमच्या शहरातल्या ग्वारीघाटाच्या पायऱ्या चढताना तर हमखास.

पहिली दोन वर्षं लपवण्यात घालवली. घाटावरची संध्याकाळची आरती सुटली, गोलबाजारातला कट्टा सुटला, काळ्या पँटींखेरीज काही अंगाला लावेना. पाणी कमी प्यायचं ही माझीच अक्कल. त्यानं लघवी दाट झाली, जळजळ वाढली. मग लिंगाला लावायचा क्लॅम्प आणला, तो गच्च आवळून दुपारभर तसाच ठेवला. कातडीला जखम झाली तेव्हा कुठे हिला सांगितलं. ती म्हणाली, "कारखान्यात एक नट ढिला निघाला तर सगळी लाईन डोक्यावर घ्यायचात, आणि हे दोन वर्षं पोटात?"

नागपूरच्या युरॉलॉजिस्टनं विचारलं, "दिवसाला किती ग्रॅम गळते?" मला पॅडची संख्यासुद्धा धड सांगता येईना. त्यांनीच पद्धत सांगितली: कोरडं पॅड आधी तोलायचं, मग वापरलेलं. फरक तेवढी गळती, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ही बेसन तोलते त्याच काट्यावर मी तीन दिवस पॅडं तोलली. सरासरी साडेचारशे ग्रॅम निघाली. (तो काटा आता माझा. बेसनासाठी नवा आलाय.)

या आकड्यावर पुढचं बरंच ठरतं. गळती थोडी असेल तर मूत्रनलिकेखाली जाळीची पट्टी बसवतात, तिला स्लिंग म्हणतात. दाबायचं-सोडायचं काही नाही. रेडिएशन झालेलं असेल तर तिचा भरवसा कमी. माझ्यासारख्या जास्त गळतीला कृत्रिम स्फिंक्टर. त्याआधी दुर्बिणीनं मूत्राशय-मूत्रनलिकेच्या जोडाची जागा आकसली नाही ना ते पाहतात, आणि मूत्राशयाचा दाबही तपासतात. मूत्राशयच अवेळी आवळत असेल तर आधी औषधं. घाईही करू नये. पहिल्या सहा महिने ते वर्षभरात अनेकांचा ताबा व्यायामानं परत येतो. मी तोही चुकीचा करत होतो, पोट ढकलायचो. वारा अडवताना आत ओढतो तसं ओढायचं, पोट सैल ठेवून.

कृत्रिम स्फिंक्टरचं आजचं यंत्र 1983 पासून वापरात आहे. त्याचा पूर्वज युरॉलॉजिस्ट ब्रँटली स्कॉट यांनी 1972 मध्ये ह्यूस्टनला पहिल्यांदा बसवला. मूत्रनलिकेभोवती पाण्यानं भरलेला कफ, पोटात फुगा, अंडकोषाच्या पिशवीत पंप. पंप दाबला की कफातलं पाणी फुग्यात जातं, वाट मोकळी होते. दोन-तीन मिनिटांत कफ आपोआप भरतो. किंमत लाखांत. आठ-दहा वर्षांत बदलावंही लागू शकतं, आणि जंतुसंसर्ग झाला तर काढावं लागतं. जखम भरेपर्यंत सहा आठवडे ते बंदच ठेवतात. हे माझ्या डोक्यावरून गेलं असावं, कारण यंत्र बसवून घरी आल्यावरही गळती पाहून मी ऑपरेशन फसलं म्हणून रडलो होतो.

गेल्या पावसाळ्यात घसरून मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात ही बाहेर फॉर्म भरत होती, आणि सिस्टर लघवीची नळी घेऊन आली. कफ बंद असताना नळी घुसवली तर मूत्रनलिका फाटू शकते, किंवा ती झिजून यंत्रच गमवावं लागतं. मी कळवळत ओरडलो, "थांबा!" तिथल्या डॉक्टरांनी असं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. नागपूरला फोन लावला, पंप दाबून कफ रिकामा केला, पंपावरचं छोटं बटण दाबून तो उघडा ठेवला, मग बारीक नळी घातली. शुद्धीत नसतो तर?

तेव्हापासून यंत्राचं कार्ड पाकिटात असतं, दुसरं हिच्या पर्समध्ये. मुलाला आणि जावयाला कागदावर चित्र काढून पंप कुठे, बटण कुठे ते दाखवलंय. जावई लाजला. मी नाही.