पडद्यामागील चैतन्य

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या इंदूरच्या शाळांतून नाटकांच्या तालमी सुरू होतात. मुख्य भूमिका दोघाचौघांनाच मिळतात, बाकीचे हिरमुसतात. त्यांच्यासाठी आम्ही येथे एक जुनी हकीकत सांगत आहोत.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचे चित्रण दादरला झाले. त्या काळी सिनेमात काम करण्यास स्त्रिया धजत नसत. म्हणून तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या, उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या तरुणाने केली. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचा सराव यांना कोठून असणार? नवख्या नटाच्या मनातील धास्ती प्रथम त्याच्या मुद्रेवर उमटते, आणि मूकपटात तर मुद्रा हीच वाणी!

अशा वेळी मंडळींना धीर वाटावा असे घरगुती वातावरण लाभले, त्यात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. सर्वांचा स्वयंपाक त्या करीत. चित्रण सूर्यप्रकाशात चाले, तेव्हा तो प्रकाश नटांकडे वळविण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. आणि रात्री फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत. जेथे घरची गृहिणी एवढी राबते, तेथे इतरांना आळस कसा शिवेल?

पडद्यावर सरस्वतीबाई कोठेही दिसत नाहीत. परंतु नटांच्या चेहऱ्यांवरील उजेड त्यांच्या हातून आलेला आहे. मित्रहो, तालमीच्या वेळी हे स्मरावे. पडदा ओढणारा हसतमुख असेल, तर राजाचाही आवाज कापणार नाही.